वज्रेश्वरीचे कुंड आणि बाथच्या लाकडी कांड्या

“बाई, वज्रेश्वरीच्या कुंडात आंघोळ केल्यापासून आमच्या आजीचे गुडघे दुखायचे थांबले. हे पाण्यामुळेच झालं ना?”

भिवंडीच्या आसपास विज्ञान शिकवणाऱ्यांना हा प्रश्न केव्हा ना केव्हा भेटतोच. ‘हो’ म्हणावे तर पुरावा नसतो. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणावे तर मूल गप्प बसते, पण त्याला ते पटत नाही. आजीला जिना चढताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. आम्हांला वाटते, ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. वैद्यकालाही नेमके उत्तर शोधायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

कुंडात काय काय घडते?

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. १७३९ साली वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी आप्पांच्या नवसाची फेड म्हणून वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले, असे परंपरा सांगते. देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताने पाणी तापले, अशी लोककथा आहे. भूशास्त्राचे म्हणणे असे, की जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. कोकणात पालघरपासून रत्नागिरीपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे.

आता भिवंडीतला एखादा यंत्रमाग कामगार डोळ्यांसमोर आणू. पाळीचे बारा-बारा तास उभ्याने काम करून त्याची कंबर आणि गुडघे धरले आहेत. दुखणे असह्य झाले म्हणून तो दोन दिवस कुंडावर जातो आणि त्याला बरे वाटते. या ‘बरे वाटण्या’त निदान पाच गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, उष्णता. तिने आखडलेले स्नायू सैल पडतात. दुसरी, पाण्याची उद्धरणशक्ती. तिच्यामुळे सांध्यांवरचा भार हलका होतो. तिसरी, विश्रांती. ते दोन दिवस तो मागापुढे उभा नसतो. चौथी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जुने दुखणे रोज सारखे नसते, त्याला भरती-ओहोटी असते. माणूस कुंडावर जातो तो बहुधा ऐन भरतीत. पुढची ओहोटी घरी बसूनही आलीच असती. पण श्रेय मात्र कुंडाला मिळते. आणि पाचवी गोष्ट म्हणजे मन. येथे येऊन अनेकांना उतार पडला आहे, मलाही पडेल, ही अपेक्षा.

या पाच धाग्यांचा गुंता सोडवायचा कसा? योगायोग असा, की त्यातला मनाचा धागा वेगळा काढण्याचा एक सुरुवातीचा नमुनेदार प्रयोग गरम झऱ्यांच्याच एका गावी झाला.

पाच रुग्ण आणि रंगवलेले लाकूड

इंग्लंडमधील बाथ हे गाव रोमन काळापासून उष्णोदकाच्या स्नानांसाठी प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे एका नव्याच उपचाराचा बोलबाला झाला. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या डॉक्टरने धातूच्या दोन टोकदार कांड्या तयार करून १७९६ साली त्यांचे पेटंट घेतले होते. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या, की शरीरातील विजेवर परिणाम होऊन वेदना निघून जाते, असा त्याचा दावा होता. त्याच्या मुलाने लंडनमध्ये या कांड्यांचा जोड पाच गिनींना विकला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरीही खप जोरात होता आणि गुण आल्याचे सांगणाऱ्यांत प्रतिष्ठित मंडळीही होती.

बाथमध्ये राहणारे डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी या लोकांना खोटे ठरवले नाही. त्यांनी फक्त एक साधा प्रश्न विचारला: गुण धातूचा, की आणखी कशाचा? त्यांनी तशाच आकाराच्या लाकडी कांड्या करवून घेतल्या आणि त्या धातूसारख्या दिसतील अशा रंगवल्या. जानेवारी १७९९ मध्ये बाथच्या इस्पितळात जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर त्यांचा उपयोग केला. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. एकाला गुडघा ऊबदार वाटू लागला आणि तो अधिक चांगला चालू लागला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या. परिणाम जवळजवळ तोच!

पुढच्या वर्षी हेगार्थ यांनी या प्रयोगांवर पुस्तिका काढली. कल्पनाशक्ती शरीराचे विकार निर्माणही करते आणि बरेही करते, हा तिचा विषय होता. प्रयोग लहान होता, पण त्यातील युक्ती मोठी होती. खऱ्या उपचाराशेजारी तसाच दिसणारा खोटा उपचार ठेवायचा आणि तुलना करायची. आजही नव्या औषधाची परीक्षा याच तत्त्वावर होते. या खोट्या उपचाराला ‘प्लासिबो’ म्हणतात.

वेदना खरी, आरामही खरा

खोट्या कांडीने दुखणे थांबले म्हणजे ते दुखणेही खोटेच होते, असा सोपा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो चुकीचा होता, हे विसाव्या शतकात उमगले. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने पाहिले, की रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या अनेक सैनिकांना वेदनाशामक नको होते. जखम मोठी, पण जीव वाचल्याचा दिलासाही मोठा. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातो आणि मेंदूकडून येणारे संदेश ते फाटक कमी-जास्त उघडतात. वेदना जखमेच्या मापाने ठरत नाही, तिच्या घडणीत मेंदूचाही हात असतो.

निर्णायक पुरावा १९७८ सालचा. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी प्लासिबो दिला, तेव्हा काहींची वेदना उतरली. मग त्यांनी नॅलोक्सोन दिले. हे औषध अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम अडवते. ज्यांना आराम पडला होता त्यांची वेदना वाढली! याचा अर्थ, केवळ अपेक्षेनेच त्यांच्या शरीरात अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवली होती. ‘मनाचे खेळ’ म्हणून हिणवलेल्या गोष्टीला रसायनशास्त्राचा आधार मिळाला.

फाटक कोठे संपते?

म्हणजे मन शरीर बरे करते काय? येथेच सावध राहायला हवे. २०११ साली दम्याच्या रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या औषधाचा फवारा आणि खोटा फवारा, दोन्हींनी रुग्णांना जवळजवळ सारखेच बरे वाटले. पण फुफ्फुसांची क्षमता मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती, खोट्याने सुमारे ७ टक्क्यांनी. आणि काहीही न घेणाऱ्यांतही तेवढीच वाढ दिसली. बरे वाटणे आणि बरे होणे यांतली दरी या आकड्यांत दिसते. पर्किन्सचा शेवटही हेच सांगतो. १७९९ साली न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ आली, तेव्हा स्वतःचे औषध घेऊन तो रुग्णसेवेला गेला आणि त्याच तापाने दगावला.

कोकणात ही दरी विंचवाने दाखवून दिली. विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव असत. पुष्कळ दंशांत फक्त ठणका असतो आणि तो काही तासांनी आपोआप उतरतो. धीर मिळाल्याने लवकर उतरला, तर तेही खरेच. पण लाल विंचवाचे विष कधी हृदयावर हल्ला करते. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे. तेथे मंत्रात गेलेला वेळ जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे रुग्ण बारकाईने अभ्यासले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला, त्यामागे हेच कारण आहे.

तर आजीच्या गुडघ्यांबद्दल मुलाला काय सांगावे? आजीची वेदना खरी आणि तिचा आरामही खरा. गरम पाणी, विश्रांती, दुखण्याची ओहोटी आणि तिचा विश्वास, या सगळ्यांचा त्यात वाटा असणार. मात्र आराम पडला म्हणून झिजलेला सांधा भरून आला, असे होत नाही. म्हणून कुंडावर जरूर जावे, पण डॉक्टरांना गुडघा दाखवणे टाळू नये. आणि यंत्रमागापुढे उभ्या राहणाऱ्या त्या कामगाराला कुंडातल्या दोन दिवसांइतकीच पाळीत टेकायला एका स्टुलाचीही गरज आहे.

एवढे सांगून झाल्यावर वर्गाला विचारावे, “कुंडाच्या पाण्यातच गुण आहे की नाही, हे तपासायला तुम्ही कसा प्रयोग कराल?” साधे पाणी तेवढेच तापवून पाहू, असे एखाद्या मुलाने सुचवले, तर हेगार्थची युक्ती त्याला कळली, असे समजायला हरकत नाही.