गावठी आणि रानटी डुकरांतील जनुकीय विविधता कशी मोजतात?

उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) परिसरात डुक्कर म्हटले की बहुतेक शेतकऱ्यांना ऊस आणि भुईमुगात शिरणारे रानडुक्कर आठवते. गावाच्या कडेला मोकाट फिरणाऱ्या काळ्या गावठी डुकराकडे कोणी पाहत नाही. पण ही दोन्ही एकाच प्रजातीची आहेत. त्यांचा संकर होतो आणि त्यातून होणारी पिल्ले पुढे विऊही शकतात. त्यामुळे या दोघांची विविधता वेगवेगळी तपासावी लागते. देशातील डुकरांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सुमारे 1 कोटी 3 लाख होती, ती 2019 मध्ये सुमारे 90 लाख 60 हजारांवर आली. घटणाऱ्या कळपात विविधता किती उरली, हे डोक्यांच्या मोजणीवरून कळत नाही.

नेमके काय मोजतात?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती वेगळ्या असतील तर ते जनावर त्या ठिकाणी विषमयुग्मकी. कळपात अशी जनावरे प्रत्यक्षात किती आणि हिशेबाने किती असायला हवीत, याची तुलना केली जाते. प्रत्यक्षातला आकडा बराच कमी आला तर सगोत्र प्रजननाचा संशय घ्यावा. मात्र घाई करू नका. रानटी आणि गावठी डुकरांचे नमुने एकत्र करून तपासले तरी आकडा असाच कमी दिसतो, म्हणून पिशव्या आणि नोंदी वेगळ्या ठेवा.

तपासणीसाठी मायक्रोसॅटेलाइट खुणा वापरतात. डुकरासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने अशा सुमारे 30 खुणांचा संच सुचवला आहे. सुमारे 60 हजार ठिकाणे एकदम वाचणारी चिपही मिळते. पण ती मुख्यतः व्यापारी विदेशी जाती समोर ठेवून बनवली असल्याने गावठी डुकराची विविधता प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते.

नमुना घेताना

बहुतेक चुका इथेच होतात. एकाच मालकाकडची दहा पिल्ले म्हणजे दहा नमुने नव्हेत, ती बहुधा एकाच नराची असतात. एका वेतातून एकच जनावर घ्या, वेगवेगळ्या गावांतून घ्या. एका गटासाठी किमान 25, शक्यतो 40 असंबंधित जनावरे हवीत, त्यात नरही हवेत. कानाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये किंवा मुळासकट उपटलेले केस कोरड्या कागदी पाकिटात चालतात. मालकाला विचारा, नर कोठून आणला. हा एक प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो.

रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येते. वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुना घेऊ नका. मेलेले रानडुक्कर दिसले तर हात लावू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये भारतात आला. तो रानटी आणि पाळीव दोन्ही डुकरांना मारतो. अशा वेळी वन विभाग आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

जास्त आकडा नेहमी चांगला नसतो

गावठी मादीला लार्ज व्हाइट यॉर्कशायर नर लावला की पुढच्या पिढीत विषमयुग्मकता वाढते, अहवाल छान दिसतो. पण त्याच वेळी गावठी गुण पातळ होत असतात. रानडुकराच्या संकरातही हेच होते. पिल्लांच्या पाठीवरचे उभे पट्टे ही फक्त शंकेची खूण, खात्री प्रयोगशाळेतच. म्हणून विविधतेबरोबर मिश्रण किती, हेही तपासावे लागते.

गोव्यात काणकोण तालुक्यातील आगोंद गावाच्या नावाने ‘आगोंदा गोवन’ या गावठी डुकराची जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. ही नोंदणी कर्नालचे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करते. जातीला नाव मिळाले की तिच्यासाठी योजना मागता येते. ज्या गावठी जनावराला नावच नाही, ते हरवले तरी कागदावर काही कमी होत नाही.

तुमच्या कळपाचा हिशेब

प्रयोगशाळेविनाही अंदाज काढता येतो: नर गुणिले माद्या गुणिले 4, भागिले नर आणि माद्यांची बेरीज. 1 नर आणि 10 माद्या असतील तर उत्तर 3.6. माद्या 20 केल्या तरी जेमतेम 3.8. पण 10 माद्यांनाच 3 नर ठेवले तर 9.2! पहिल्या स्थितीत सगोत्रता दर पिढीला सुमारे 14 टक्क्यांनी वाढते, शेवटच्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास. बापाला लेक लावली तर त्या पिल्लांत ती थेट 25 टक्के. वेतात पिल्ले कमी होणे, अशक्त निघणे, मरतूक वाढणे हे त्याचे परिणाम.

म्हणून मादी वाढवण्याआधी नर बदला. लांबच्या गावातून आणा, 30 दिवस वेगळा ठेवा. जुन्या नराची पिल्ले कळपात ठेवायची नसतील तर त्यातले नर वयात येण्यापूर्वीच खच्ची करून घ्या.