गुन्ह्याची नोंद : पेन्शनच्या अर्जात आणि नोकरीच्या अर्जात

पोलीस भरतीत निवड झालेला माझा एक विद्यार्थी साक्षांकन नमुना घेऊन घरी आला होता. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय, अटक झाली होती काय, या रकान्यापाशी तो अडला होता. भीमा-कोरेगावनंतरच्या, ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये त्याचे नाव फिर्यादीत आले होते. पुढे तो खटला शासनाने मागे घेतला. "सर, 'नाही' लिहू का?" त्याने विचारले.

हाच प्रश्न आपले सरकार आणखी एका अर्जात विचारत आले आहे. १९७२ साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. तिच्यासाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास दाखवावा लागे. अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना तीन महिन्यांचा. भूमिगत असाल तर फरारी ठरवल्याचा किंवा पकडण्यासाठी बक्षीस लावल्याचा पुरावा हवा. आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातला गुन्हेगार नव्या राज्यात सन्मानाचा धनी झाला, आणि ते योग्यच झाले. पण पुढे याच जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण एवढे गाजले की न्यायमूर्ती पालकर आयोगाला चौकशी करावी लागली. फरारी नसलेल्या माणसांना आपण फरारी होतो हे सिद्ध करायचे होते! आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांनाही महाराष्ट्राने मानधन सुरू केले, तेही २०१८ मध्येच.

आपल्या माणसांचा तुरुंगवास वेगळ्या खात्यात पडला. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहात तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत नामांतरासाठी किती पोरांनी कोठड्या पाहिल्या! त्यांचा तुरुंग कोणाला दाखवायचा नसतो, लपवायचा असतो.

न्यायालयाने हे अजिबात ओळखले नाही असे नाही. मध्य प्रदेशातल्या रघुवंशी नावाच्या शिक्षकाला संघ-जनसंघाच्या कामाबद्दलच्या पोलीस अहवालावरून काढले होते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. त्याचा पक्ष आपला नव्हे, पण निकाल आपल्या कामाचा आहे. २०१६ च्या अवतारसिंग खटल्यात न्यायालय म्हणाले की, तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला असेल तर नेमणूक करणारा दुर्लक्ष करू शकतो. करू शकतो; केलेच पाहिजे असे नाही. उलट, खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा अधिकार राहतोच. शिवाय फिर्यादीत 'घोषणा दिल्या' एवढ्यावर कोण थांबतो? बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, अशी कलमे लागतात, आणि कागदावर तो गुन्हा किरकोळ राहत नाही.

शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्या बंदच्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे सांगितले. खटला मागे गेला तरी 'कधी दाखल झाला होता काय' याचे उत्तर 'हो' असेच राहते. मी त्याला 'हो' लिहायला लावले. लपवले तर त्याचाच वेगळा ठपका बसतो. कोर्टाच्या आदेशाची नक्कल जोडायची होती. ती त्याच्याकडे नव्हती. नकलेचा अर्ज आम्ही दोघांनी बसून तिथेच लिहिला.