सुहैली: मुंबईच्या सागवानाची पृथ्वीप्रदक्षिणा

कुठेही न थांबता, एकट्याने, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस कोण? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. क्विझवाल्यांना हे पाठ असतं. पण त्याची बोट कुठे बांधली होती, हे विचारा. उत्तर आहे, आपल्या मुंबईत!

माझं संशोधन मुंबईतल्या लाकडी जहाजबांधणीवर आहे. ही गोष्ट वाडिया मंडळींबरोबर संपली असं आपण धरून चालतो. 'सुहैली' मात्र पाण्यात उतरली १९६४ च्या डिसेंबरात, तीही पुढच्या टोकावर नारळ फोडून.

तिचा आराखडा तेव्हाही जुनाटच होता. मूळ कल्पना नॉर्वेच्या कॉलिन आर्चरची. कोळ्यांना वादळातून सोडवून आणणाऱ्या बचाव-बोटी तो १८९० च्या दशकात आखत होता. १९२० च्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकन डिझायनरने तोच आकार लहान केला, त्याचं नाव 'एरिक'. लांबी साधारण ३२ फूट, दोन डोलकाठ्या. मागचं टोकही पुढच्यासारखंच निमुळतं, त्यामुळे मागून येणारी लाट सपाट फळीवर आदळत नाही, दुभंगते. तळाचा कणा लांबलचक, म्हणजे बोट वळायला आळशी पण सरळ जायला पक्की. वेगाच्या नावाने आनंदच.

लाकूड सागवान. त्यातल्या तेलामुळे ते सहसा कुजत नाही आणि ओकसारखं लोखंडी खिळे खात नाही. मिस्त्रींच्या हातात वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता. साठच्या दशकात, बरं का!

१९६८ च्या स्पर्धेसाठी नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी पोलादी बोट हवी होती. पैसे जमले नाहीत, म्हणून 'सुहैली'. १४ जूनला फाल्मथहून निघाला. काही आठवड्यांतच तळाच्या फळीपाशी गळती सुरू झाली. भर समुद्रात बुडी मारून त्याने फटीत कापूस ठोकला, वरून तांब्याचा पत्रा मारला. (म्हणजे बांधणी अगदी निर्दोष होती असं मी म्हणणार नाही.) ऑस्ट्रेलियाच्या आसपास आपोआप सुकाणू धरणारं यंत्रही मोडलं. इथे तो जुनाट कणा कामी आला. शिडं नीट बांधली की बोट आपली दिशा बरीचशी स्वतःच राखायची, आणि तो झोपू शकायचा.

३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तो परतला. नऊ जण निघाले होते, पोचला तो एकटाच. वेगवान, आधुनिक त्रिकाय बोटींपैकी एकही पोचली नाही.

बोटींच्या नोंदवहीत डिझायनरचा रकाना असतो, मालकाचा असतो, गोदीचाही असतो. वाकस चालवणाऱ्याचा नसतो. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या रिकाम्या रकान्यावर आहे.

पुढे 'सुहैली' काही वर्षं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढलं, डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडलं.