मुंबईची नोंदवही आणि मुंबईचा नकाशा

इमारती, जलवाहिन्या व गटारे यांच्या देखभालीची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आणि जी. आय. एस. या नावाने ओळखली जाणारी नकाशा-प्रणाली यांची सांगड घालणे, हा आज केवळ अभियंत्यांचा विषय मानला जातो. मुंबईपुरते पाहिले असता हा प्रश्न संगणकाहून पुष्कळच जुना आहे, आणि त्याचे मूळ यंत्रात नसून नावांत व क्रमांकांत आहे. वहीतील वस्तू आणि नकाशावरील वस्तू एकच होय, हे सांगणारी खूण दोहोंकडे सारखी नसेल तर त्यांचा मेळ कोणी घालावा?

कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेटाची मोजणी केली. त्यांचे नकाशे एका इंचास चाळीस फूट अशा मोठ्या प्रमाणावरचे असून प्रत्येक भूखंडास क्रमांक दिलेला होता. पुढे १९१५ च्या शहर भूमापन कायद्यानंतर नवी मोजणी झाली व नवा ‘भूकर क्रमांक’ रूढ झाला. जुना क्रमांक मात्र पुसला गेला नाही. जुन्या दस्तऐवजांत दोन्ही शेजारी-शेजारी आढळतात. शिवाय भूकर क्रमांक एकटा निरर्थक असतो. तो गिरगाव विभागाचा, लोअर परळ विभागाचा की दादर-नायगाव विभागाचा, हे सांगावेच लागते. आणि हे विभाग महानगरपालिकेच्या इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रशासकीय विभागांशी जुळत नाहीत. एकाच ‘विभाग’ या शब्दाने दोन वेगळ्या सीमा दाखविल्या जाव्यात, ही परिभाषेची उणीव क्षुल्लक नव्हे.

लोकव्यवहार तर तिसऱ्याच मार्गाने चालला. चाळीला मालकाचे नाव, वाडीला तेथील जुन्या वहिवाटीचे. केशवजी नाईकांची चाळ किंवा खोताची वाडी म्हटले की गिरगावकराला पत्ता पुरतो. भूकर क्रमांक त्याला भाडेकरारात किंवा नोटिशीतच भेटतो. रस्त्यांची नावे बदलली तरी जुनी जिभेवरून गेली नाहीत. लॅमिंग्टन रोड डॉ. भडकमकर मार्ग झाला, डिलाइल रोड ना. म. जोशी मार्ग झाला. तक्रार सांगणारा जुने नाव सांगतो व ती टिपून घेणारा नवे लिहितो. या सर्वांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या मुकादम व टपालवाला यांच्या स्मरणात घातला जात होता, असे म्हणावयास हरकत नाही. यास अपवाद बी. डी. डी. चाळींचा. १९२० नंतरच्या दशकात वरळी, ना. म. जोशी मार्ग, नायगाव व शिवडी येथे उभारलेल्या या २०७ चाळी आखणीपासूनच क्रमांकित असल्याने तेथे क्रमांक हेच नाव ठरले.

देखभालीच्या दृष्टीने निर्णायक टप्पा १९६९ चा. त्या वर्षीच्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ निर्माण केले. मूळ यादीत १९,६४२ इमारती होत्या. त्यांपैकी १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात १६,५०२. म्हणजे मुंबईच्या बहुसंख्य जुन्या घरांची एक प्रचंड देखभाल-वही तयार झाली. परंतु तिचे एकक इमारत हे होते, तर भूमापनाचे एकक भूखंड. एका भूखंडावर अनेक इमारती असू शकतात आणि इमारतीला लागून यादीत नसलेले बांधकामही उठू शकते. हा भेद कागदी वाटेल. पण १६ जुलै २०१९ रोजी डोंगरी येथे केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा कोसळलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा नव्हे, तिला लागून झालेल्या अनधिकृत बांधकामाचा, असे म्हाडाने सांगितले. माणसे ढिगाऱ्याखाली असताना चर्चा चालली ती कोणते घर कोणाच्या वहीत आहे याची.

जमिनीखाली गोष्ट अधिक बिकट. गटाराला ना मालक, ना लोकांनी ठेवलेले नाव. त्याची ओळख म्हणजे त्याचे स्थान. म्हणून येथे नकाशा हीच वही होय. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसावरून ५० पर्यंत नेण्याचा आराखडा मांडला. तो बराचसा कागदावर असतानाच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दादर-परळच्या सीमेवरील हिंदमाता येथे दरवर्षी पाणी साचत राहिले. २०२१ मध्ये दादरचे प्रमोद महाजन उद्यान व परळचे सेंट झेवियर मैदान यांखाली टाक्या बांधून ते साठविण्याचा उपाय योजावा लागला. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात प्रभादेवी परिसरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू पावले. झाकण कोठे आहे एवढे नकाशा सांगतो. ते या क्षणी उघडे आहे की मिटलेले, हे देखभालीच्या नोंदीवाचून कळत नाही.

आकृतीस तक्ता जोडण्याची संगणकीय कल्पना रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात कॅनडाच्या भूमिनोंदीसाठी प्रत्यक्षात आणली. मुंबईत महानगरपालिकेने ती अलीकडे स्वीकारली असून २०३४ च्या विकास आराखड्याचे नकाशेही याच पद्धतीचे आहेत. मात्र त्याच वेळी गिरगाव-लालबागमध्ये पुनर्विकासासाठी शेजारचे भूखंड एकत्र केले जात आहेत. चार चाळींच्या जागी एक मनोरा उभा राहिला की जुन्या चार क्रमांकांखालील पन्नास वर्षांच्या दुरुस्त्यांच्या नोंदी अशा घरांकडे बोट दाखवितात, जी आता नकाशावर नाहीत.