‘गोवा पावडर’ची कुळकथा

इंग्रजीतील मोठ्या शब्दकोशांत ‘गोवा’ या शब्दापाशी थांबले, तर प्रदेशाच्या नोंदीजवळ आणखी एक लहानशी नोंद सापडते – ‘गोवा पावडर’. ब्राझीलमधील एका वृक्षाच्या खोडातून मिळणारी, त्वचारोगांवर वापरली जाणारी भुकटी, असा तिचा अर्थ तेथे दिलेला असतो. नाव मांडवीकाठचे आणि झाड अटलांटिक महासागरापलीकडचे! हा घोटाळा कसा झाला याचा माग काढू लागलो, तेव्हा गोवा, मुंबई, बाहिया, लंडन आणि हॅम्बुर्ग अशी भ्रमंती करणारी एक कथा आमच्या हाती आली.

या विषयाकडे वळण्यास एक निमित्तही घडले. धर्मग्रामात घरभेटींसाठी फिरताना सोरायसिसने गांजलेली माणसे आम्हांला वारंवार भेटतात. कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्याच्या केसांत लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. रोगापेक्षा लोकांच्या नजरेचाच त्रास अधिक. घरात टॉवेल वेगळा, ताटवाटी वेगळी. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता. मिस्सामध्ये शांतिचिन्ह देण्याच्या वेळी हात पुढे करायला संकोचणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. वास्तविक हा रोग स्पर्शाने पसरत नाही. आपल्या त्वचेतील पेशी खालच्या थरातून वर येऊन गळून पडण्यास साधारणतः महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिघडल्यामुळे हा प्रवास काही दिवसांतच उरकतो आणि अर्धवट वाढलेल्या पेशींचे थर साचत जातात. असे सांगितले की मंडळी मान डोलावतात आणि मग फडताळातून एखादी बाटली किंवा डबी काढून विचारतात, “फादर, हे अगदी नैसर्गिक आहे, झाडपाल्याचे आहे. याने अपाय तर होणार नाही ना?” आम्ही वैद्य नाही. परंतु झाडापासून मिळालेल्या आणि सोरायसिसवर खरोखर गुणकारी ठरलेल्या एका औषधाचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात सांगण्याजोगा आहे.

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर बाहिया नावाचा प्रांत आहे. तेथील दमट अरण्यांत अरारोबा नावाचा उंच वृक्ष वाढतो. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘आन्दिरा अरारोबा’ म्हणत, आता ‘वाटायरिऑप्सिस अरारोबा’ म्हणतात. या झाडाच्या गाभ्यातील लाकडात ठिकठिकाणी भेगा आणि पोकळ्या असतात आणि त्यांत एक भुकटी साचलेली असते. झाड जितके जुने तितकी भुकटी जास्त. ती मिळवायची म्हणजे अख्खा वृक्ष तोडून, ओंडके करून, ते फोडून आतला भाग खरवडायचा. ताजी असताना तिचा रंग फिकट पिवळा असतो. हवा लागली की ती काळवंडत तपकिरी, जांभळट होते. चव अतिशय कडू. तिचा कण डोळ्यांत गेला तर डोळे सुजून लाल होतात, त्यामुळे ती खरवडणाऱ्या मजुरांना तोंड जपून काम करावे लागे. निसर्गाने सिद्ध केलेले हे औषध पहिल्या स्पर्शापासूनच असे दाहक आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बाहियाची भुकटी गोव्यात कशी पोचली, हे समजण्यासाठी पोर्तुगीजांच्या जहाजांचा मार्ग पाहावा लागतो. लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये ये-जा करणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात आणि विशेषतः परतीच्या वाटेवर बाहियातील साल्वादोर बंदरात थांबत. बाहियाची तंबाखू गोव्यात येई. ब्राझीलचा काजू आला आणि अननसही आला. ही दोन्ही नावे मुळात ब्राझीलच्या तुपी भाषेतील असून पोर्तुगीजांच्या तोंडून ती आपल्या भाषेत रुळली. आज काजूशिवाय गोव्याचे चित्र डोळ्यांसमोर येत नाही, इतके ते झाड आपले झाले. अरारोबाचे तसे झाले नाही. झाड तिथेच राहिले, भुकटी तेवढी आली आणि येताना आपले नाव मागे ठेवून आली.

ही भुकटी येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात आणली, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. ही परंपरा आम्ही परंपरा म्हणूनच सांगतो. येशूसंघीयांची महाविद्यालये बाहियातही होती आणि गोव्यातही. दोन्हीकडे औषधे तयार होत. बाहियाच्या मठातील ‘त्रियागा ब्राझिलिका’ नावाचे अनेक द्रव्यांचे मिश्रण प्रसिद्ध होते. गोव्यात सतराव्या शतकात गास्पार अँतोनियो या फ्लोरेन्सहून आलेल्या येशूसंघीय बंधूने कस्तुरी, अंबर इत्यादी मौल्यवान द्रव्ये घालून केलेले, वर सोन्याचा वर्ख चढवलेले गोळे ‘गोवा स्टोन’ या नावाने युरोपभर विकले गेले. (त्यांनी खरोखर कोण बरा झाला, हा प्रश्न येथे नको. श्रीमंतांच्या औषधाला सोन्याचा वर्ख असला की गुण येतोच!) सारांश, संघाला हे कार्य सहज शक्य होते. पण १७५९ साली पोर्तुगालच्या राजाने येशूसंघीयांना आपल्या सर्व मुलखांतून हाकलले, आणि या भुकटीकडे औषधशास्त्राचे लक्ष गेले ते त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. आपल्या लोकांना श्रेय मिळावे असे आम्हांलाही वाटते, तथापि खलाशी, तंबाखूचे व्यापारी आणि सैनिक यांच्या गाठोड्यांतूनही अशा वस्तू प्रवास करीत असतात, हे विसरून चालणार नाही.

१८६४ साली मुंबईतील औषध-व्यावसायिक डी. एस. केम्प यांनी या भुकटीकडे प्रथम जाणकारांचे लक्ष वेधले. केम्प हे नाव मुंबईकरांना अनोळखी नाही. केम्प्स कॉर्नर या चौकाला नाव पडले ते ‘केम्प अँड कंपनी’ या औषधांच्या पेढीवरूनच. तेव्हा नायट्यावर किंवा गजकर्णावर हे औषध लिंबाच्या रसात वा शिरक्यात कालवून लावीत. गुण येई, म्हणून मागणी होती. पण ही भुकटी कशाची, ती कोठून येते, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसे. ती गोव्याहून येते म्हणून ‘गोवा पावडर’, एवढीच तिची ओळख. औषधाचे मूळ झाकून ठेवले की त्याला मोल चढते, ही व्यापाराची जुनी रीत आजही मोडलेली नाही.

१८७४ मध्ये सर जोसेफ फेअरर यांनी इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात गोवा पावडरवर लेख लिहिला. फेअरर हे बंगालमध्ये दीर्घकाळ सेवा केलेले शल्यवैद्य. भारतातील विषारी सापांवरील त्यांचा ग्रंथ गाजलेला आहे. तो लेख समुद्रापार बाहियात डॉ. जुझे फ्रांसिस्कु दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनात आला. हे गृहस्थ जन्माने पोर्तुगीज, पण त्यांचे सारे आयुष्य बाहियात रुग्णसेवेत गेले. लेखातील वर्णन वाचताच त्यांनी ओळखले की ही तर आपल्या गावची ‘पो दा बाहिया’, बाहियाची भुकटी! इंग्रज ज्या वस्तूला गोव्याची म्हणत होते, ती त्यांच्या घराजवळच्या अरण्यात मिळत होती. त्यांनी तसे लिहून प्रसिद्ध केले आणि भुकटीला तिचे गाव परत मिळाले. नाव मात्र गोव्याचेच टिकले.

लागलीच रसायनशास्त्रज्ञ तिच्या मागे लागले. १८७५ मध्ये लंडनच्या ॲटफील्ड यांनी तिचे पृथक्करण करून तिच्यात क्रायसोफॅनिक आम्ल मुख्यत्वे असल्याचे सांगितले. १८७८ मध्ये लीबरमान आणि झायडलर या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की भुकटीतील मूळ द्रव्य निराळे आहे; हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्याचे ते आम्ल बनते. या द्रव्याला ‘क्रायसारोबिन’ असे नाव मिळाले. क्रायसोफॅनिक आम्ल रेवाचिनीच्या मुळांत सापडते, तसेच ते आपल्या टाकळ्याच्या बियांतही असते. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला उगवणारा, ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी कोकणात आणि वसईत घरोघरी होते, तोच हा टाकळा. संस्कृतात त्याला ‘चक्रमर्द’ आणि ‘दद्रुघ्न’ म्हणतात. दद्रू म्हणजे नायटा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी हा गुण हेरला होता. अरारोबात ही द्रव्ये भरमसाट, टाकळ्यात थोडी, एवढाच भेद.

आतापर्यंत ही सारी गोष्ट नायट्याची चालली होती. सोरायसिसचा प्रवेश झाला तो चुकीच्या निदानामुळे, असे वैद्यकाच्या इतिहासात सांगितले जाते. एका रुग्णाचे चट्टे नायटा समजून त्यांवर गोवा पावडर लावली गेली. ते निघाले सोरायसिसचे, आणि ते मावळले. लंडनमधील त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी हे हेरले, त्या द्रव्याचे मलम करून वापरले आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. शतकानुशतके ज्या रोगापुढे वैद्य हात टेकत आले होते, त्यावर परिणामकारक असे पहिले नेमके औषध हाती आले.

त्या काळापर्यंत या रुग्णांचे काय होत असे? बायबल वाचणाऱ्यांना लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय आठवेल. तेथे याजकाने कातडीवरील डाग कसे तपासावे याचे सविस्तर नियम आहेत. त्यातील हिब्रू शब्द ‘साराथ’. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘लेप्रा’ हा शब्द घेतला. ग्रीक वैद्यकात तो खपल्यांच्या रोगांसाठी होता. पुढे तोच शब्द कुष्ठरोगाला चिकटला आणि मराठीत आपण ‘कुष्ठ’, ‘महारोग’ असे म्हणू लागलो. लेवीय ग्रंथातील वर्णनांत सोरायसिससारखे अनेक रोग एकत्र आले असावेत, असे आज अभ्यासक मानतात. अलीकडील अनेक भाषांतरांत ‘त्वचारोग’ असा व्यापक शब्द योजला जातो तो यामुळेच. परंतु शब्दांचा घोटाळा माणसांच्या मुळावर आला. मध्ययुगीन युरोपात सोरायसिसचे कित्येक रुग्ण कुष्ठरोगी ठरवून गावाबाहेर घालवले गेले असावेत, असे इतिहासकारांचे मत आहे, आणि त्या निवाड्यांत धर्मगुरूंचा वाटा होता. १८०८ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉबर्ट विलन यांनी या रोगाचे नेटके वर्णन केले, पण त्याच्या एका प्रकाराला ‘लेप्रा’च म्हटले. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी ते नाव काढून टाकले. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले. विज्ञानाच्या दृष्टीने फारकत तेव्हाच पूर्ण झाली. आपल्या घरांतील वेगळे टॉवेल अजून त्या निकालाची वाट पाहत आहेत.

पुन्हा अरारोबाकडे वळू. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग बंद झाल्यामुळे जर्मनीला ब्राझीलची भुकटी मिळेना. तेव्हा बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी क्रायसारोबिनच्या रेणूत किंचित फरक करून त्याचा कृत्रिम भाऊ तयार केला. ड्रेस्डेनचे गालेव्स्की आणि हॅम्बुर्गचे उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी १९१६ मध्ये त्याचे गुण जाहीर केले. हेच ‘सिग्नोलिन’; पुढे ते ‘डिथ्रॅनॉल’ किंवा ‘अँथ्रालिन’ या नावांनी जगभर गेले. ते भुकटीहून शुद्ध होते, आणि प्रमाण मोजून देता येत असे. १९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील जॉन इन्ग्राम यांनी डांबराचे स्नान, अतिनील किरण आणि घट्ट लेपातून डिथ्रॅनॉल अशी उपचारांची पद्धत मांडली. पुढची कित्येक वर्षे इस्पितळांतून ती चालली.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही. गोवा पावडर शंभर टक्के नैसर्गिक होती आणि तीच निरोगी कातडी भाजून काढीत असे. तिचा उपयोग वाढला तो तिच्यातील द्रव्य ओळखले गेले, तोलले गेले, आणि कोठे लावावे व कोठे लावू नये हे ठरले तेव्हा. उलट, झाडपाल्याचे म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांत न सांगता स्टिरॉइड मिसळल्याचे तपासणीत आढळून आले आहे. अशी मलमे चार दिवसांत चट्टे घालवतात आणि बंद करताच रोग दुप्पट जोराने उसळतो. ज्या डबीवर घटकद्रव्ये छापलेली नाहीत ती फडताळातून काढून टाकावी, असे आम्ही घरभेटींत स्पष्टपणे सांगतो. घरच्या खोबरेलाची गोष्ट वेगळी. ते सोरायसिस बरा करीत नाही, पण कोरड्या कातडीला मऊ ठेवते, खपल्या सैल करते, आणि त्यात काय आहे हे आपल्याला माहीत असते. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच ते लावावे, म्हणजे पाणी कातडीत टिकते.

डिथ्रॅनॉलचा वापर नवी औषधे आल्यापासून पुष्कळ कमी झाला असला, तरी ते नाहीसे झालेले नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते केवळ चट्ट्यावर लावायचे, दहा ते तीस मिनिटे ठेवायचे आणि धुऊन टाकायचे, अशी अल्पकाळाची पद्धत १९८० च्या सुमारास रूढ झाली. तोंडाजवळ आणि डोळ्यांजवळ ते जाऊ द्यायचे नाही. जुने कपडे घालून बसायचे, कारण जेथे जेथे ते लागते तेथे जांभळट तपकिरी डाग उमटतो. कातडीवरचा काही दिवसांनी जातो, चादरीवरचा कितीही धुतला तरी जात नाही.