कोळशाची खाण आणि सोबत्याची हाक

विहिरीचे काम आपण पाहिलेच असेल. सुरुंग ठासले की खालची माणसे वर येतात, काठावरचा चारी दिशांना ओरडतो, आणि बार मोजले जातात. ठासले चार अन् उडाले तीन, तर कुणी खाली उतरत नाही. जीव राखते ती ही ओरड आणि ही मोजणी.

आपल्या वणी तालुक्यात राजूरला जमिनीखालून कोळसा निघाला, तिथेही हीच रीत. पाळीआधी खाणीतला सरदार पहारीने छत ठोकून पाहतो. मडके घेताना आपण वाजवून घेतो ना, तसेच! खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर दगड सुटलेला समजायचा. पण दिवसभर त्या छताखाली मजूर असतो. त्याच्या कानाला आवाज वेगळा लागला, आणि बोलावे तर रागावतील म्हणून तो गप्प राहिला, तर सरदाराची पहार काय कामाची?

१० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याकडील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. तेव्हा यवतमाळ आणि छिंदवाडा एकाच मध्य प्रदेशात होते. पुढे २७ डिसेंबर १९७५ला धनबादजवळ चासनाळ्यात ३७५ गेले. १९५५च्या खाण नियमांत नंतर सुरक्षा समितीची तरतूद आली. व्यवस्थापकासमोर कामगारालाही जागा मिळाली. जागा मिळाली म्हणजे तोंड उघडतेच असे नाही, ही गोष्ट निराळी.

विलायतेत १९५१ साली ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी खाणकामगारांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणीत राबलेले. जुन्या पद्धतीत दोघे-तिघे आपले सोबती आपण निवडत आणि सगळे काम मिळून करत. एखाद्याला अपघात झाला तर त्याच्या बायकापोरांकडेही बघत. यंत्रे आली, काम तीन पाळ्यांत वाटले गेले. एका पाळीने टेका कच्चा ठोकला तर त्रास पुढच्या पाळीला, आणि दोघांची गाठभेटही नाही! मग एकमेकांना दोष देणे तेवढे उरले.

आज उकणी, निलजईला खाणी उघड्या आहेत. छत नाही, पण डंपर आहेत. उंच बसलेल्या चालकाला चाकाजवळचा माणूस दिसत नाही. माती काढण्याचे काम पुष्कळसे ठेकेदारांची माणसे करतात. कुणी मराठी, कुणी हिंदी, कुणी तेलुगू बोलणारा. आजचा सोबती महिन्याने दुसरीकडे. डंपर मागे येतो आहे असे त्याला ओरडून सांगायचे, तर आधी त्याचे नाव ठाऊक हवे.