पार्श्वभूमीचे वाचक : वाफेची इंजिने आणि जुने चित्रपट

कथात्म साहित्य शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक क्रम घालून देतो. आधी कथानक, मग पात्रे, आणि वातावरणनिर्मितीचा विचार सर्वांत शेवटी. जुन्या चित्रपटांचा एक प्रेक्षकवर्ग मात्र हा क्रम पार उलटा करून टाकतो. पडद्यावर नायक-नायिका फलाटावर निरोप घेत असतात आणि या प्रेक्षकाची नजर त्यांच्या मागे वाफ सोडत उभ्या असलेल्या इंजिनावर खिळलेली असते. हे इंजिन कोणत्या वर्गातले, कोणत्या कारखान्यात घडलेले, त्या मार्गावर ते खरोखर धावत असे काय, हे त्याचे प्रश्न. अशा रेल्वेप्रेमी रसिकांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यांच्या या पाहण्यातून इतिहासाच्या वाचनाविषयी काही शिकता येईल, असे आम्हांस वाटते.

आगगाडी आणि चित्रपट यांचे नाते चित्रपटाइतकेच जुने. ल्युमिएर बंधूंनी फ्रान्समधील ला सिओता स्थानकावर टिपलेले गाडीच्या आगमनाचे दृश्य जेमतेम पन्नास सेकंदांचे आहे. ती गाडी अंगावर येते असे वाटून प्रेक्षक पळत सुटले, ही कथा पाठ्यपुस्तकांतून आजही सांगितली जाते. संशोधकांना मात्र तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार मिळालेला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचा जो पहिला खेळ झाला, त्यातही गाडीच्या आगमनाचे एक चित्र होते. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेली. म्हणजे त्या मुंबईकर प्रेक्षकांच्या आयुष्यात आगगाडी येऊन त्रेचाळीस वर्षे लोटली होती. पाहिलेलीच वस्तू पुन्हा पडद्यावर पाहण्याचा आनंद त्यांना तेव्हाच लाभला असणार. रेल्वेप्रेमी प्रेक्षकाचा आनंद मूलतः याच जातीचा आहे.

बस्टर कीटन याचा 'द जनरल' हा १९२६ सालचा मूकपट घ्या. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी 'जनरल' नावाचे इंजिन पळवले होते; त्या घटनेवर तो आधारलेला आहे. चित्रीकरण ओरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह या गावाजवळ झाले. जळता लाकडी पूल कोसळतो आणि त्यावरचे इंजिन नदीत पडते, हे दृश्य खेळण्यातले इंजिन वापरून केलेले नाही. खरेखुरे इंजिन खऱ्याखुऱ्या नदीत पाडले गेले. ते कित्येक वर्षे तेथेच पडून होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगार म्हणून काढले गेले. सामान्य प्रेक्षकाला येथे शत्रूची फजिती दिसते. रेल्वेप्रेमी मात्र चरकतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत एक वस्तू कायमची नष्ट होत असते. एकाच दृश्यात विनोद आणि मृत्युलेख, दोन्ही सामावलेले आहेत.

ब्रिटनमध्ये या पाहण्याला शोकाची छटा आली ती पुढे. वाफेची इंजिने क्रमाने काढून टाकण्याची योजना तेथे १९५५ साली जाहीर झाली आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेच्या प्रवासी गाड्यांचे युग संपले. पुढच्याच वर्षी चित्रपटाभ्यासक जॉन हंटली यांचे 'रेल्वेज इन द सिनेमा' हे पुस्तक निघाले. रेल्वेवरील जुने चित्रपट शोधून ते रसिकांना दाखवणे, हेही हंटली यांनी आपले काम मानले होते. कालपर्यंत रोजच्या व्यवहारातली असलेली वस्तू आता फक्त पडद्यावर धावणार होती.

संग्रहालयात इंजिन जपता येते; त्याची चढावरची धाप, चाकांचे घसरणे आणि त्याच्याभोवतीची माणसे तेथे जपता येत नाहीत. 'स्नोड्रिफ्ट अ‍ॅट ब्लीथ गिल' हा १९५५ सालचा छोटा माहितीपट यासाठी पाहावा. उत्तर इंग्लंडच्या डोंगरात बर्फात रुतलेली एक मालगाडी रेल्वेचे कामगार फावड्यांनी मोकळी करतात, एवढाच त्याचा विषय. त्या मार्गावरची वाहतूक १९६२ साली बंद झाली. ७८०१८ क्रमांकाचे ते इंजिन मात्र रेल्वेप्रेमींच्या प्रयत्नाने वाचले आहे. आज ते पाहणाऱ्याला लोखंड दिसते. गोठलेल्या हातांची माणसे पाहायची तर चित्रपटाकडेच यावे लागते.

अर्थात, चित्रपट हे साधन डोळे झाकून घ्यावे असे नाही. टपालगाडीवरील 'नाइट मेल' हा १९३६ सालचा माहितीपट प्रख्यात आहे. त्यात धावत्या डब्यात पत्रे लावणारे कर्मचारी खरे आहेत, परंतु तो डबा म्हणजे उभारलेला देखावा होता आणि गाडीचे हेलकावे त्यांना अभिनयाने दाखवावे लागले. पार्श्वभूमी वाचणाऱ्याने ती कोणी आणि कशी रचली, हेही विचारले पाहिजे. रेल्वेप्रेमी हे विचारतात. चुकीचे इंजिन, चुकीचा डबा, ध्वनिपट्टीवरची चुकीची शिटी त्यांना तात्काळ खटकते. पाठचिकित्सक प्रक्षिप्त ओळ ओळखतो, त्याच जातीचे हे कौशल्य आहे.

'द टिटफील्ड थंडरबोल्ट' या १९५३ सालच्या विनोदी चित्रपटात हे सारे धागे एकत्र येतात. बंद पडू घातलेला आपला लोहमार्ग गावकरी स्वतः चालवतात आणि इंजिन निकामी झाल्यावर संग्रहालयातले जुने इंजिन बाहेर काढतात, अशी त्याची कथा. तिची प्रेरणा वेल्समधील तालिथ्लिन येथे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेल्या खऱ्या रेल्वेची. पडद्यावरचे 'थंडरबोल्ट' म्हणजे १८३८ साली घडवलेले 'लायन' हे इंजिन. हे चित्रीकरण बाथ शहराजवळच्या एका नुकत्याच बंद झालेल्या मार्गावर झाले. कथेतला मार्ग वाचला. ज्या मार्गावर ती कथा चित्रित झाली, त्याचे रूळ पुढे उखडले गेले.

स्मरणरंजनाचा धोका येथे आहेच. धूर पडद्यावर सुंदर दिसतो. भट्टीत कोळसा ओतणाऱ्या फायरमनच्या छातीत तो कसा साठत असेल, हे पडदा सांगत नाही. तरीही या रसिकांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. लेखकाने वा दिग्दर्शकाने सहज म्हणून मागे ठेवलेली वस्तू काळाच्या ओघात पुढे येते आणि तीच साक्ष देऊ लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी जुनी कादंबरी वाचताना तिच्यातले दिवे, भांडी, वाहने आणि ती चालवणारे निनावी हात यांच्याकडेही असेच थांबून पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.